दोन सूर्य असलेलं पान

मी काजूच्या कारखान्यात हिशोब बघते. दिवसभर एक्सेल, आणि संध्याकाळी घरी येऊन परत लॅपटॉप उघडून फोटो, कागद, फुलं असं काय काय चिकटवत बसते म्हटल्यावर घरचे म्हणतात, घे डोळ्यांची वाट लावून. चिकटवत म्हणजे खरंखुरं नाही हां, डिंक कात्री काही नाही, सगळं स्क्रीनवरच. डिजिटल स्क्रॅपबुक. आमच्या मालवणात कुणाला हे सांगायला गेलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे लग्नाचे अल्बम करता? पानाला किती घेता?" आणि पैसे नाही घेत, स्वतःसाठीच करते म्हटलं की विषय तिथेच संपतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक पान म्हणजे एक लेआउट. माप बहुतेक जण १२ बाय १२ इंच घेतात, कारण कागदी स्क्रॅपबुकचं हे नेहमीचं माप, आणि छापायचं असेल तर ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. मागे एक मोठा कागद, त्यावर लहान कागद, त्यावर फोटो, त्यावर फुलं बटणं रिबिनी, आणि मग चार ओळी मजकूर, त्याला जर्नलिंग म्हणतात. प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेयरवर, त्यामुळे एकाला हलवलं तर दुसरं जागचं हलत नाही.

पहिलं पान मी मोबाईलच्या ॲपमधे केलेलं. स्क्रीनवर झकास दिसत होतं, कुडाळला छापायला दिलं तर असं फिसकटलेलं आलं की स्टुडिओवाल्यानेच विचारलं, ताई हे मुद्दाम असं आहे का. फाइल होती १०८० पिक्सेलची. १०८० ला ३०० ने भागा, साडेतीन इंचांच्या जरा वर, आणि मी ती १२ इंचाला ताणलेली. दिवसभर आकडेमोड करणाऱ्या बाईला हा एक भागाकार आधी सुचू नये!

मग गिंप हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर घेतलं कारण ते फुकट आहे आणि माझा लॅपटॉप जुना. शिकायला तीनेक महिने गेले, त्यातले दोन महिने लेयर मास्कमधे काळं म्हणजे लपवा आणि पांढरं म्हणजे दाखवा एवढंच डोक्यात बसवण्यात गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते आठवायलाही नको.

खरी मजा आणि खरी कटकट दोन्ही साहित्यातच आहे. यात तयार किट मिळतात, म्हणजे एकमेकांना जुळणारे कागद आणि एलिमेंट यांचा गठ्ठा, काही विकत काही फुकट. सुरुवातीला अधाशासारखी फुकट किटं उतरवून घेतली, एक अख्खा पेनड्राइव्ह भरला, आणि कामाला बसले तर कळलं की हॅलोविनचे भोपळे ढीगभर आहेत, बर्फाचे कण आहेत, लाल पिवळी मेपलची पानं आहेत, पण माझ्या कामाचं एकही पान नाही. आमच्या अंगणात मेपल कुठून आणू? फणसाचा पातेरा पडतो तो घ्या हवा तर.

म्हणून स्वतःच करायला लागले. मागच्या पडवीच्या चिऱ्याचा फोटो काढला, ढग असताना, कारण उन्हात जांभ्याच्या भोकांत काळ्याकुट्ट सावल्या येतात आणि मग तो कागद म्हणून वापरला की त्यावर काहीच उठून दिसत नाही. रंगाच्या शिंतोड्यांसाठी कोकमाचं आगळ, म्हणजे दाट रस. ड्रॉइंगच्या कागदावर चमच्याने थेंब टाकले, कागद तिरका करून ओघळू दिले, वाळल्यावर स्कॅन केलं आणि गिंपमधे कलर टू अल्फा करून मागचं पांढरं काढून टाकलं. कडेला गडद आणि मधे फिकट असा जो डाग येतो ना आगळाचा, तो कुठल्याही किटमधे मिळणार नाही. सुरंगीचा गजरा थेट स्कॅनरवर ठेवायचा शहाणपणाही करून झालाय, काचेवर पिवळी पावडर पसरली ती पुसताना नाकी नऊ आले आणि पुढचे आठ दिवस स्कॅनर उघडला की वास. वासाबद्दल तक्रार नाही म्हणा.

आता मुख्य गोष्ट. आम्ही पाच जण आहोत हे करणारे, सगळे सिंधुदुर्गातलेच, आणि महिन्यातून एका रविवारी कुडाळला भेटतो कारण कणकवली, सावंतवाडी, मालवण सगळीकडून यायला तेच बरं पडतं. चित्रकलेच्या एक रिटायर्ड बाई आहेत, त्यांच्याच ओटीवर बसतो. एक मुलगा फोटो स्टुडिओत करिझ्मा अल्बम, म्हणजे लग्नाचे छापील अल्बम, डिझाइन करतो, म्हणजे धंद्याने करतो आणि हौसेनेही करतो, एक मेडिकलवाली, एक बँकेतले काका आणि मी. प्रत्येकाने एक पान आणायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं.

पहिल्या भेटीत सगळे सगळ्यांना मस्त म्हणाले. मस्त, छान, एक नंबर, कांदेपोहे, चहा, संपलं. मी एसटीत बसून घरी येताना विचार करत होते की माझ्या पानात नक्की काय मस्त होतं, आणि मलाच सांगता येईना. बहुतेक बाकीच्यांचंही तेच झालं असणार, कारण दुसऱ्या वेळी बाईंनी आधीच सांगून टाकलं, की या ओटीवर छान हा शब्द बंद. ज्याला बोलायचंय त्याने पहिल्यांदा सांगायचं की त्याची नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली आणि कुठे अडकली. बस. आवडलं नाही आवडलं नंतर. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, दुसऱ्याचं पान समोर आलं की तोंडातून आधी छानच बाहेर पडतं आणि पाठोपाठ "फक्त एक सांगू का".

गेल्या वर्षी गणपतीनंतर मी विसर्जनाचं पान घेऊन गेले. जुना फोटो, अल्बममधे मागे निळ्या शाईने १९८७ लिहिलंय, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आजोबांच्या डोक्यावर गणपती, मागे बाबा झांज वाजवतायत, तोंड उघडं, बहुतेक मोरया म्हणताना. मुंबईच्या काकांनी काढलेला, फ्लॅश उडाला नाही म्हणून जरा हललेला. फोटो त्या चिकट पानांच्या अल्बममधे होता, वरून प्लास्टिक असतं ते, आणि आमच्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीने असा काही बसलेला की ओढला असता तर आजोबांचं धोतर कागदालाच राहिलं असतं. दात साफ करायचा दोरा मिळतो ना मेडिकलमधे, तो फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवला, वीस मिनिटं लागली, पण निघाला. ६०० डीपीआयला स्कॅन केला म्हणजे दुप्पट मोठा केला तरी चालतं. लालसर पडलेला रंग थोडा उतरवला, सगळा नाही, सगळा काढला की फोटो कालचा वाटायला लागतो.

फोटो आडवा होता आणि मला हवा होता चौकोनी, शिवाय उजव्या कडेला एक पांढरा भडक ढब्बा होता तो नजर खेचत होता, म्हणून उजवीकडचा भाग कापला. मागे जांभ्याचा कागद, कोपऱ्यात कोकमाचे शिंतोडे, आणि वर माटवीसारखं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर पानाफळांनी सजवून टांगतात त्या चौकटीसारखं, दिसावं म्हणून आंब्याच्या डहाळ्या, सुपाऱ्या आणि तीन कवंडळं, म्हणजे रानवेलीची लाल फळं. कवंडळं खरी, माटवीला आणलेली त्यातलीच, पडवीत पांढऱ्या प्लास्टिकवर ठेवून फोटो काढलेले आणि पाथ टूलने एकेक कापलेली. पहिल्यांदा जेपीजीत सेव्ह केली आणि प्रत्येक कवंडळाभोवती पांढरा डबा आला, मग पीएनजीत. सगळ्याला सावल्या दिल्या. मी भयंकर खूश होते. अजून कवंडळांवर जीव आहे माझा.

बाईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला, चष्मा वर केला, परत खाली केला आणि विचारलं, "यात दोन सूर्य आहेत का गं?"

मला कळलंच नाही. मग त्यांनी बोट लावून दाखवलं. आजोबांच्या चेहऱ्याची उजवी बाजू उजळलेली आहे, म्हणजे पान बघताना आपल्या उजवीकडची, गणपतीच्या मुकुटाचीही तीच. म्हणजे फोटोत उजेड उजवीकडून. आणि मी कागदांना, पानांना, कवंडळांना दिलेल्या सावल्या पण उजवीकडेच पडलेल्या. म्हणजे त्यांचा उजेड डावीकडून. झालं असं होतं की गिंपमधे ड्रॉप शॅडो उघडला की एक्स आणि वाय दोन्ही आकडे आधीच भरलेले असतात, दोन्ही अधिक, म्हणजे सावली उजवीकडे खाली, आणि मी दर वेळी नुसतं ओके दाबलेलं. सतरा वेळा.

तेवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या. म्हणाल्या, फोटो हवेत तरंगतोय आणि सुपारी कागदाला चिकटलीय. आत गेल्या, पानाच्या डब्यातली सुपारी आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका घेऊन आल्या, स्टुलावर ठेवली, बँकवाल्या काकांना मोबाईलचा टॉर्च तिरका धरायला सांगितला. पत्रिकेची सावली म्हणजे एक दोरा, कडेला लागून, काळी आणि स्पष्ट. सुपारीची बोटभर लांब, बुडाशी काळी आणि पुढे जाईल तशी विरत गेलेली. मी सगळ्यांना एकच सावली दिलेली, कागदाला पण तीच आणि कवंडळाला पण तीच. म्हणजे कागदाला कमी अंतर कमी ब्लर, फळाला जास्त अंतर जास्त ब्लर आणि थोडी फिकट. हे मला कुणीतरी आकड्यांत सांगितलं असतं तर विसरले असते, ती सुपारी काही विसरत नाही.

स्टुडिओवाल्या मुलाचं लक्ष वेगळीकडे होतं. त्याने शीर्षक पकडलं. मी वर "पुनरागमनाय च" लिहिलेलं आणि रुंदी भरावी म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं, इंग्रजी पानांवर सगळे करतात तसं. त्याने झूम करून दाखवलं, शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली, दात पडल्यासारखी. म्हणाला, मराठीत अंतर वाढवायचं नाही, ताई, रुंदी पायजे तर साइज वाढवा नायतर जाडा फॉन्ट घ्या, बालू घ्या. बरोबरच होतं त्याचं. मग मीही त्याचं एक उट्टं काढलं, कारण त्याच्या पानावर विसर्जन हा शब्द असा आलेला की रफार कुठेतरी भलतीकडे आणि ज वेगळाच उभा. त्याच्याकडच्या जुन्या फोटोशॉपमधे टाइपच्या सेटिंगला जाऊन साउथ एशियन भाषांचं ऑप्शन लावल्याशिवाय जोडाक्षरं नीट बसत नाहीत हे त्याला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं तो अल्बमवर जुन्या बिनयुनिकोड फॉन्टांत नावं टाईप करत होता. गिंपमधे ही भानगड नाही, हे मी तीन वेळा ऐकवलं.

घरी येऊन दुरुस्त करायला बसले तर पुढचं रामायण. माझं गिंप जुनं, २.१०, त्यात सावली एकदा दिली की त्या लेयरमधेच मुरते, नंतर बदलता येत नाही. (२०२५ ला ३.० आलं त्यात आता बदलता येते, पण तेव्हा माझ्याकडे ते नव्हतं.) म्हणजे सतराही वस्तू परत कोऱ्या आणायच्या, परत जागेवर बसवायच्या, परत सावली द्यायची, या वेळी एक्सला उणे. अकरा झाल्या आणि लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, सेव्ह केलेलं नव्हतं. त्या रात्री मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी परत बसले तेव्हा डोक्यात भलतंच आलं. सावल्या तर उलट केल्या, पण फोटोत उजवीकडून उजेड आहे कशाचा? फ्लॅश नाही. सूर्य तर बुडालेला, मागे आकाश काळं. मूळ स्कॅन उघडला. तो पांढरा ढब्बा जो मी कापून टाकलेला, तो म्हणजे गॅसबत्ती. झगमगीत, काच वगैरे काही दिसत नाही नुसता गोळा, आणि तिची कडी धरलेला एक हात. मनगट, कोपर, दुमडलेली बाही आणि तिथे फोटो संपतो. अख्खा फोटो ज्याच्यामुळे आला तो माणूस मी नजर खेचतो म्हणून कापलेला.

स्कॅन मोबाईलवर घेतला आणि आत्याकडे गेले. तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता सगळ्यांपेक्षा लांबचं दिसतं तिला. मी हात मोठा करून दाखवला. करंगळी जरा वाकडी होती, तिने तेवढ्यावरून ओळखलं. गावात लग्न असो, पालखी असो, गॅसबत्ती त्यांचीच असायची. नाव इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाहीये. आत्या सांगत होती की विसर्जनाला व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, जायचं तर शेतातल्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, जावं लागायचं, एका वेळी एकच पाऊल मावेल एवढी मेर आणि पावसाने निसरडी, डोक्यावर गणपती असलेल्या माणसाला खाली बघता येत नाही, म्हणून हे गृहस्थ पुढे, बाजूच्या भाताच्या खाचरातून, चिखलातून, उलटे चालायचे. म्हणजे आजोबांच्या पायाखाली उजेड पडावा. आणि उलटं चालतानाही बत्ती हलू द्यायची नाही, कारण हिसका बसला की मेंटल, म्हणजे बत्तीतली पेटणारी नाजूक जाळी, फुटतं आणि सगळीकडे काळोख. खिशात दोन मेंटल जास्तीची असायची कागदात गुंडाळून.

मी कापलेलं पान पण तिला दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "उजेड धरल्यान तेना, आणि फोटोत तोच नाय?"

मग पान पहिल्यापासून केलं. फोटो आडवाच ठेवला, पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, चौकोनाचा हट्ट सोडला. बत्तीचा गोळा फारच फुटलेला होता, तो कर्व्हजने थोडा खाली आणायचा प्रयत्न केला पण जिथे पांढऱ्यात काही उरलेलंच नाही तिथे काय आणणार, सोडून दिलं. जांभ्याच्या कागदावर उजवीकडे थोडा पिवळट उजेड सोडला, वेगळ्या लेयरवर, ओव्हरलेला, अगदी कमी. सगळ्या सावल्या बत्तीपासून लांब पडणाऱ्या. म्हणजे एक्सचा आकडा सगळ्यांना सारखा नाही, बत्तीच्या जवळ असलेल्या पानाला आखूड आणि लांबच्या सुपारीला लांब, हे कुणी सांगितलं नव्हतं, सुपारीवरूनच सुचलं. जर्नलिंग आधी होतं "बाप्पा मोरया, १९८७", ते काढून मेरेचं आणि उलट्या चालण्याचं लिहिलं, सहा ओळी, कलम फॉन्टमधे कारण तो हाताने लिहिल्यासारखा दिसतो. या वेळी दर पाच मिनिटांनी सेव्ह.

याच दरम्यान मी एक घोळ घातलेला तोही सांगते. मेडिकलवालीने तिच्या मुलीच्या बारशाचं पान आणलेलं, त्यात चार फॉन्ट, आणि मी बाईंचा नियम वगैरे विसरून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे दुकानाच्या पाटीसारखं झालंय." ती हसली, पण पुढच्या महिन्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी झुरत होते, फोन करू का नको, शेवटी केला तर म्हणाली अगं आंब्याचा सीझन आहे, घरात पेट्या भरायला माणूस नाही, मी रात्री बारापर्यंत गवत घालतेय पेटीत, पाटी कसली आणि काय कसली. पण मग थोडं थांबून म्हणाली, तसे दोन फॉन्ट काढले मी. आता मी कुणाच्या पानावर बोलायच्या आधी पाण्याचा एक घोट घेते, तेवढ्यात निम्मं बोलणं पोटात जातं.

नवीन पान घेऊन गेले तेव्हा पाचही जण होतो. बँकवाले काका एरवी माझ्या पानाबद्दल फार बोलत नाहीत, त्यांना पक्ष्यांचे फोटो सोडून बाकी सगळं सारखंच वाटतं, ते म्हणाले नजर आधी बत्तीकडे गेली, मग आजोबांच्या पायाकडे, आणि मग खालचं वाचलं. त्याच क्रमाने. मी मनातल्या मनात उडीच मारली. स्टुडिओवाल्याने शिरोरेषा झूम करून तपासली आणि मान हलवली. मेडिकलवालीने विचारलं की हाताच्या माणसाच्या घरी एक प्रत देणार का, आणि मी म्हटलं छापून झाली की आधी तिथेच जाणार, मग तिथल्यांनी हो म्हटलं तर नाव घालीन.

बाई बराच वेळ बघत होत्या. लॅपटॉप लांब धरला, जवळ घेतला, डोळे बारीक केले. आम्ही सगळे गप्प. मागे कुणीतरी अंगणात नारळ सोलत होतं तेवढाच आवाज.

"सावल्या बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "आता ती कवंडळं काढ. लाल रंग बत्तीशी भांडतोय."

कवंडळं मी काढलेली नाहीत. तीनाची दोन केलीत फक्त, आणि येत्या रविवारी परत जायचंय.